जुन्या खुणा, नव्या वाटा : फिचची आगबोट शोधायची कुठे?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी एक वाक्य लिहिलं होतं : आगबोटीचा जनक म्हणून शाळेत शिकवल्या जाणाऱ्या रॉबर्ट फुल्टनच्या सतरा वर्षं आधी, 1790 च्या उन्हाळ्यात, फिलाडेल्फियाहून ठरलेल्या वारी उतारू घेऊन आगबोट सुटत असे आणि ती बांधणाऱ्याचं नाव जॉन फिच. त्यावर आलेली पत्रं बघून संपादकांनी हा महिना फिचलाच देऊन टाकला. अमेरिकेतल्या वाचकांना जागा बघायच्या आहेत, इथल्यांना माझं म्हणणं तपासायचंय. दोघांचंही स्वागत.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मे महिन्यात सांगलीहून आई-बाबा येतायत. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, इंजिन दिसलं की त्यांना बाकी काही सुचत नाही. त्यांना फिचचं घर, निदान बोट तरी दाखवायची आहे. नकाशावर कितीही शोधलं तरी धड काही सापडत नाही. एका दिवसात काय जमेल?
— एक वाचक, एडिसन

घर शोधू नका आणि बोटही शोधू नका, दोन्ही नाहीत. हा माणूस एका जागी ठरला कधी? 1743 साली कनेक्टिकटमधल्या विंडसरला जन्मला, घड्याळजीकडे उमेदवारी केली, 1769 मध्ये संसार सोडून निघाला. ट्रेंटनला पितळकाम-चांदीकामाचं दुकान जरा बसतंय तोवर 1776 च्या डिसेंबरात ब्रिटिश फौजेनं ते उद्ध्वस्त केलं. पुढे केंटकीत जमिनी मोजायला गेला. 1782 मध्ये तिकडच्या मूळ रहिवाशांनी त्याला पकडून ब्रिटिशांच्या हवाली केलं. सुटून आला तो दुसऱ्यांच्या आसऱ्याला. अशा माणसाच्या घराचं संग्रहालय कोण करणार?

पण त्याच्या बोटीचा मार्ग शाबूत आहे, कारण तो मार्ग म्हणजे डेलावेअर नदी. 1790 च्या वर्तमानपत्रात तिची जाहिरात आली होती. फिलाडेल्फियातल्या आर्च स्ट्रीटच्या धक्क्यावरून सोमवार, बुधवार, शुक्रवारी सुटणार. बर्लिंग्टन, ब्रिस्टल, बोर्डनटाउन करत ट्रेंटनला जाणार. मंगळवार, गुरुवार, शनिवारी परतणार. हे वेळापत्रक हातात घ्या आणि त्यातली गावं रेल्वेनं गाठा. तुमच्या नशिबानं नदीच्या दोन्ही काठांनी रुळ आहेत.

सकाळी एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटनं ट्रेंटन. तिथून फिलाडेल्फियाची सेप्टा गाडी पकडा, ती पेनसिल्व्हेनियाच्या काठानं ब्रिस्टलवरून जाते. फिलाडेल्फियात मार्केट स्ट्रीटच्या लाइननं सेकंड स्ट्रीट स्टेशनला उतरून आर्च स्ट्रीटकडे चालत या. परतताना पॅटकोच्या लोकल गाडीनं नदी ओलांडून कॅम्डेनला वॉल्टर रँड स्टेशनवर उतरा आणि रिव्हर लाइन धरा. ही गाडी न्यू जर्सीच्या काठानं बर्लिंग्टन, बोर्डनटाउन करत पुन्हा ट्रेंटनला आणून सोडते. बोर्डनटाउननंतर खिडकीतून दलदल आणि पाणी दिसतं. बाबांना तिथे डुलकी लागू देऊ नका. या प्रवासात जाहिरातीतलं प्रत्येक गाव येतं.

आता आर्च स्ट्रीटबद्दल. इथे बहुतेक लोक चुकीच्या जागी उभे राहून फोटो काढतात. मी मुंबईतल्या एका गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात जन्मभर नकाशे ट्रेस केले, त्यामुळे कुठल्याही बंदरात गेले की आधी जुना काठ कुठे होता ते बघते. आज नदी जिथे दिसते तिथे ती 1790 मध्ये नव्हती. एकोणिसाव्या शतकात स्टीफन गिरार्ड या सावकाराच्या मृत्युपत्रातल्या पैशातून काठानं डेलावेअर ॲव्हेन्यू नावाचा रस्ता झाला, मग तो रुंद होत गेला, धक्के पुढे सरकत गेले आणि शेवटी आय-95 महामार्गानं शहर आणि नदी यांच्यात भिंतच घातली. बॅलार्ड इस्टेटच्या रस्त्यावर उभं राहून इथे समुद्र होता म्हटलं तर नवख्या माणसाला पटत नाही, तसंच हे. फिचचा धक्का आजच्या पाण्यापासून मागे, वॉटर स्ट्रीट आणि महामार्गाच्या पट्ट्यात कुठेतरी गाडलेला आहे.

म्हणून असं करा. आधी फ्रंट स्ट्रीट आणि आर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभे राहा आणि जमिनीचा उतार बघा. तो उतार हाच जुना काठ. बोटीचा वेग मोजायला याच किनाऱ्याच्या रस्त्यानं एक मैल आखला होता आणि ताशी आठ मैल भरले होते. कोपऱ्यापासून दोन पावलांवर एल्फ्रेथ्स ॲली ही गल्ली आहे, तिथली घरं अठराव्या शतकातली, म्हणजे फिचच्या डोळ्यांसमोरची. मग रेस स्ट्रीटनं महामार्गाखालून पलीकडे जा. चेरी स्ट्रीट पिअर आणि रेस स्ट्रीट पिअर असे दोन जुने मालधक्के आता लोकांसाठी खुले केलेत. बसायला बाकं आहेत आणि पाणी अगदी जवळ. तिथून नदीच्या वरच्या अंगाला बघितलं की बोट कुठल्या दिशेनं जायची ते कळतं.

बाबांना एक गोष्ट आवर्जून सांगा. ट्रेंटनपर्यंत या नदीला भरती-ओहोटी आहे. ट्रेंटनला खडक लागतो आणि तिथे बोटीचा प्रवास संपतो. शेवटचा थांबा खडकानं ठरवलाय.

प्रश्न : तुमचा जॉन फिच शोधला तर मला मोटारींच्या शर्यतीतला ड्रायव्हर आणि महामार्गावरची वाळूची पिवळी पिंपं सापडली. नक्की कोण हा?
— एक वाचक, कोथरूड

तो दुसरा जॉन फिच, विसाव्या शतकातला. शर्यती खेळला आणि पुढे गाडी आपटली तरी माणूस वाचावा म्हणून वाळू भरलेली पिंपं रचायची युक्ती काढली. हवा असलेला माणूस शोधताना नावापुढे 1743–1798 ही सालं टाका. आणखी एक गंमत : ट्रेंटनमध्ये ‘वन जॉन फिच प्लाझा’ हा पत्ता सापडेल. तिथे संग्रहालय असेल म्हणून जाऊ नका, ते न्यू जर्सीच्या कामगार खात्याचं ऑफिस आहे. कनेक्टिकटमधल्या साउथ विंडसरला जॉन फिच बुलेव्हार्ड आहे, त्यावर दुकानं आणि सिग्नल. रस्त्याला नाव देणं गावाला स्वस्त पडतं.

प्रश्न : आजी, मी आठवीत आहे. आम्ही बक्स काउंटीत राहतो आणि मी रविवारी मराठी शाळेत जाते. आमच्या बाई म्हणाल्या की पहिली स्टीमबोट आपल्या इथल्या तळ्यात तरंगली. खरं का? ते तळं आहे का अजून?
— एक छोटी वाचक, वॉर्मिन्स्टरजवळून

बोट नाही, बोटीचा छोटा नमुना तरंगला. पण बाईंचं गाव मात्र बरोबर आहे. सगळी हकिगत सांगते, कारण ती तुझ्या घराच्या आसपासच घडलीय.

1785 चा एप्रिल महिना. फिच तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता आणि तुझ्या वॉर्मिन्स्टरला राहत होता. रविवारी नेशामिनीच्या चर्चमधून चालत परत येत होता. संधिवातानं पाय दुखत होते. शेजारून एक जोडपं घोड्याच्या गाडीतून भुर्रकन निघून गेलं. फिचच्या मनात आलं, घोडा पाळायची ऐपत नसलेल्या माणसाला वाफेवर चालणारी गाडी का मिळू नये? आठवडाभर तो गाडीचाच विचार करत होता. मग त्या वेळचे रस्ते आठवले असावेत. खड्ड्यांतून ते धूड कसं जाणार? त्यानं गाडी सोडली आणि बोट धरली.

मला आवडतो तो पुढचा भाग. जगात वाफेची इंजिनं आधीपासून आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं! त्यानं आपली कल्पना चर्चच्या पाद्र्यांना, नॅथनिएल अर्विन यांना, सांगितली. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढलं आणि इंजिनाचं चित्र समोर ठेवलं. फिच पार हिरमुसला. मग त्याला वाटलं, इंजिन आहे म्हणजे माझं अर्धं काम झालं.

ते चर्च हार्ट्सव्हिलला आहे, नाव नेशामिनी ऑफ वॉरविक. त्याची मंडळी 1726 पासूनची. आईबाबांना तिथून वॉर्मिन्स्टरकडे गाडी सावकाश चालवायला सांग आणि खिडकीतून रस्त्याची लांबी बघ. दुखऱ्या पायांनी एवढं चालायचं म्हटल्यावर कुणालाही काहीतरी सुचलंच असतं.

तळं डेव्हिसव्हिलच्या बाजूला, जोसेफ लाँगस्ट्रेथ नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणात होतं. आता तो भाग घरांचा आहे. लोकांच्या अंगणात शिरून तळं शोधायला जाऊ नकोस. त्यापेक्षा स्ट्रीट रोड आणि न्यूटाउन रोड मिळतात त्या कोपऱ्यावर क्रेव्हन हॉल नावाचं जुनं घर आहे, त्याच्या आवारात जॉन फिच स्टीमबोट म्युझियम आहे. गावातल्या हौशी माणसांनी चालवलेलं. तिथे बोटीची चालती प्रतिकृती आहे, तिची वल्ही कशी उचलली जातात आणि पाण्यात पडतात ते बघून तुला फिचचं डोकं कळेल. एक ध्यानात ठेव, हे फिचचं घर नव्हे, क्रेव्हन कुटुंबाचं. आणि ते रोज उघडं नसतं, ठरावीक दिवशी थोडे तास असतं. आधी फोन कर.

शाळेत सांगायला अजून एक : वॉर्मिन्स्टरलाच त्यानं स्वतः केलेल्या मोजणीवरून अमेरिकेच्या वायव्य मुलखाचा नकाशा काढला, तांब्याच्या पत्र्यावर स्वतः कोरला आणि सफरचंदाचा रस काढायच्या दाबयंत्रावर छापला. मग काखोटीला मारून विकत फिरला. बोटीसाठी पैसे हवे होते. त्या नकाशाच्या मोजक्या प्रती उरल्यात, एक वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. नकाशाचा धंदा केलेली बाई म्हणून सांगते, एकाच माणसानं मोजायचं, काढायचं, कोरायचं, छापायचं आणि विकायचं, हे मी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही.

प्रश्न : आम्ही चौतीस वर्षं मुलांना ‘आगबोटीचा जनक रॉबर्ट फुल्टन’ असं शिकवलं. पाठ्यपुस्तकंही तेच सांगतात. तुमच्या फिचला पुरावा काय? अमेरिकेत प्रत्येक गावाला आपला एक ‘पहिला’ शोधक लागतो, त्यातलाच हा प्रकार नाही ना?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

गुरुजी, शंका रास्त आहे आणि गावांबद्दलचं म्हणणंही खरं आहे. म्हणून पाट्यांवर विसंबू नका, कागदांकडे चला. ते फिलाडेल्फियात चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

1785 च्या सप्टेंबरात फिचनं अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे नमुना आणि चित्रं ठेवली. अखंड साखळीला वल्ही लावलेली, साखळी फिरली की वल्ही पाणी मागे लोटणार. ही बेंजामिन फ्रँकलिनची संस्था, तिची इमारत आजही फिफ्थ स्ट्रीटवर इंडिपेंडन्स हॉलच्या कुशीत उभी आहे. दुसरा पुरावा 1787 चा. त्या उन्हाळ्यात इंडिपेंडन्स हॉलमध्ये अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती. 22 ऑगस्टला फिचनं डेलावेअरवर 45 फुटी बोट चालवून दाखवली, दोन्ही अंगांना सहा-सहा वल्ही, रेड्यासारखी फुसफुसत. घटनासमितीचे सदस्य काठावर होते. कनेक्टिकटचे प्रतिनिधी विल्यम सॅम्युएल जॉन्सन यांनी दुसऱ्या दिवशी कौतुकाची चिठ्ठी पाठवली. दंतकथेला अशी तारीखवार चिठ्ठी मिळत नाही. शिवाय न्यू जर्सीनं 1786 मध्ये आणि पाठोपाठ पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, न्यूयॉर्क, व्हर्जिनियानं त्याला आपल्या पाण्यावर आगबोट चालवायचा मक्ता दिला. ते कायदे छापील आहेत. 26 ऑगस्ट 1791 चं पेटंट आहे. पण त्याच दिवशी जेम्स रम्से या त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही आगबोटीचं पेटंट मिळालं, त्यामुळे आधी कोण हा वाद सुटण्याऐवजी आणखी चिघळला.

सगळ्यांत मोलाचे कागद लोकस्ट स्ट्रीटवरच्या लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फियात आहेत. फिचनं आपलं आत्मचरित्र आणि बोटीची हकिगत लिहून, मोहोरबंद करून, मरणानंतर तीस वर्षं उघडू नये अशा अटीवर तिथे ठेवली. त्यात कुणाकुणाला शिव्या घातल्यात, फ्रँकलिनलाही सोडलेलं नाही. माणूस कडवट होता. पण 16 एप्रिल 1790 च्या नोंदीत तो आनंदानं उडतो. त्या दिवशी वारा समोरून जोरात होता आणि तरी नदीवरची एकही बोट त्यांच्या बरोबरीला टिकली नाही, डेलावेअरचे सरखेल आम्हीच, अशा थाटात त्यानं लिहिलंय. दुसऱ्याच दिवशी फ्रँकलिन वारला. त्याची कबर आर्च आणि फिफ्थच्या कोपऱ्यावर आहे, पर्यटक तिच्यावर पेनी टाकतात. तिथून नदीकडे चालत निघालं की दहा-पंधरा मिनिटांत फिचच्या धक्क्याचा परिसर येतो, तिथे मात्र गर्दी नसते.

आता ‘पहिला’ या शब्दाबद्दल. तो फिचलाही चिकटवू नका. फ्रान्समध्ये मार्की द जुफ्रॉयनं 1783 मध्ये लिऑनला सोन नदीवर वाफेची बोट चालवली होती. विल्यम सिमिंग्टननं 1788 मध्ये स्कॉटलंडच्या डॅल्सविंटन तळ्यात चालवली. फिचचं वेगळेपण असं की त्यानं ठरलेल्या वेळेला, पैसे घेऊन, उतारूंची ने-आण केली. त्या एका उन्हाळ्यात बोट दोन हजार मैलांच्या वर धावली. इंजिन कुणी बांधलं? फिच आणि हेन्री व्हॉइट. दोघांनीही घड्याळांचंच काम केलेलं. देशात वाफेची इंजिनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सिलिंडरच्या लाकडी झाकणांतून हवा शिरायची. 1788 मध्ये बोट वीस मैलांवर बर्लिंग्टनला पोहोचायला आणि बॉयलरच्या नळ्या गळायला एकच गाठ पडली. तिथपासून 1790 च्या बोटीपर्यंत ते कसे पोहोचले हे वाचताना मी थक्क झाले. व्हॉइट पुढे सरकारी टांकसाळीचा मुख्य नाणेकार झाला, म्हणजे हात चांगलाच होता.

मग त्याचा धंदा का बुडाला? उतारू मिळेनात. डेलावेअरच्या काठची जमीन सपाट, घोडागाड्यांचे रस्ते चालू. उकळता बॉयलर पोटात घेतलेल्या बोटीत बसायला कोण येतो? फुल्टनच्या पाठीशी रॉबर्ट लिव्हिंग्स्टनचा पैसा होता, इंग्लंडहून बोल्टन अँड वॉटचं तयार इंजिन होतं, आणि न्यूयॉर्क ते ऑल्बनी हे हडसनवरचं दीडशे मैलांचं अंतर होतं, जिथे शिडाच्या गलबतांना वाऱ्याची वाट बघत दिवस काढावे लागत. त्यानं नदी बरोबर निवडली. 1807 मध्ये धंदा बसवला तो त्यानंच. तुम्ही मुलांना ‘धंदा बसवणारा फुल्टन’ सांगितलंत तर माझी काही तक्रार नाही.

प्रश्न : हे सगळं अमेरिकेचं झालं. आमच्या माझगावात असं कुणी झालंच नाही का? झालं असेल तर त्याच्या खुणा कुठे बघायच्या?
— एक माझगावकर

झालं तर! तुमच्याच माझगावचे अर्देशीर कर्सेटजी वाडिया. 1833 साली त्यांनी ‘इंडस’ नावाची छोटी आगबोट पाण्यात सोडली. पुढच्या वर्षी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. 27 मे 1841 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय. त्याआधी त्यांच्याच घराण्यानं मुंबईच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली होती. 20 मार्च 1830 ला ती मुंबईहून सुएझला निघाली आणि वाटेत एडनला कोळसा भरला.

खुणांचं म्हणाल तर गोदी नौदलाच्या ताब्यात आहे. लायन गेटच्या आत तुम्हाला-मला कुणी घेणार नाही. आतल्या डंकन डॉकसारख्या दगडी गोद्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आहेत आणि अजून कामात आहेत. त्यांची कल्पना यायला गेटवेवरून घारापुरीच्या लाँचमध्ये बसा आणि उतारूंची नजर ताजमहाल हॉटेलकडे वळलेली असताना तुम्ही उत्तरेकडे बघा. फोटो मात्र काढू नका, मनाई आहे. अर्देशीर यांचा शेवट इंग्लंडमध्ये रिचमंडला 1877 साली झाला. 1969 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, ते तिकीट संग्राहकांकडे अजून सहज मिळतं. माझगावात त्यांच्या नावाची ठळक पाटी असायला हवी, असं मला फार वाटतं. तुमच्या नगरसेवकाच्या कानावर घाला.

प्रश्न : मुलगा केंटकीत लुइव्हिलला असतो. फिचची समाधी तिकडे जवळ आहे म्हणे. जाण्यासारखी आहे का? आणि त्यानं जीव दिला हे खरं आहे का?
— एक वाचक, मिरज

बार्ड्सटाउनला आहे, लुइव्हिलहून गाडीनं तासाभराच्या आत. जा जरूर.

खरं आहे. शेवटी शेवटी तो केंटकीतल्या आपल्या जमिनीवर हक्क सांगायला गेला. मोजणीच्या काळात मिळवलेली जमीन, सोळाशे एकरांच्या आसपास. तिथे दुसरेच लोक बसलेले. खटले लागले. गावातल्या खानावळवाल्याशी त्यानं सौदा केला : दीडशे एकर देतो, जिवंत असेपर्यंत राहायला जागा आणि रोज ठरलेली दारू दे. 1798 च्या उन्हाळ्यात साठवून ठेवलेल्या अफूच्या गोळ्या त्यानं एकदम घेतल्या. याहून जास्त खोलात मी जाणार नाही. पर्यटन-पत्रकं यातला दारूचा भाग चवीनं सांगतात, तो मला रुचत नाही.

आधी त्याला तुरुंगामागच्या जुन्या कबरस्तानात पुरलं होतं. 1927 मध्ये अवशेष कोर्टाच्या चौकात आणले आणि स्मारक उभारलं, त्यासोबत बोटीची छोटी प्रतिकृतीही आहे. लोक चौकातलं बघून परततात. तुम्ही दोन्ही बघा, अंतर फार नाही. तुरुंगाची दगडी इमारत उभी आहे आणि मागे जुने दगड आहेत. चौकातलं स्मारक गावानं आपल्यासाठी उभं केलंय. माणूस कोणत्या अवस्थेत गेला ते तुरुंगाच्या मागे कळतं.

प्रश्न : मी न्यूयॉर्कला नोकरी करतो. एके ठिकाणी वाचलं की फिचनं मॅनहॅटनमधल्या एका तळ्यात मळसूत्री पंख्याची बोट चालवली आणि तेव्हा बोटीत खुद्द फुल्टन बसला होता. मॅनहॅटनमध्ये तळं? मला तर दिसलं नाही.
— एक वाचक, क्वीन्स

तळं होतं, कलेक्ट पाँड नावाचं. शहराचं पिण्याचं पाणी त्यातून यायचं, मग चामड्याच्या कारखान्यांनी घाण केलं आणि 1811 च्या सुमारास बुजवून टाकलं. भराव नीट न बसल्यानं वरची घरं खचू लागली, आणि पुढे तिथेच फाइव्ह पॉइंट्सची बदनाम वस्ती वाढली. आज लेनर्ड स्ट्रीटवर, सेंटर आणि लफायेट रस्त्यांच्या मधे, कोर्टाच्या इमारतींच्या गराड्यात कलेक्ट पाँड पार्क आहे. तळ्याची आठवण म्हणून त्यात उथळ हौद केलाय. मूळ तळं मात्र त्या बागेहून कितीतरी मोठं होतं, त्यामुळे आसपासच्या कोर्टांत हेलपाटे घालणारे पक्षकारही तळ्यातच उभे असतात.

फिच 1796 च्या सुमारास इथे छोटी होडी घेऊन आला होता, ही हकिगत जॉन हचिंग्ज नावाच्या गृहस्थांनी 1846 मध्ये छापली. ते तेव्हा पोरसवदा होते आणि सुकाणू धरायला होडीत बसले होते, असं त्यांचं म्हणणं. पन्नास वर्षांनंतरची आठवण आहे, त्यामुळे हातचं राखून वाचा. फुल्टनचं तर मुळीच मानू नका. तो 1780 च्या दशकात युरोपला गेला तो 1806 च्या डिसेंबरातच परतला. 1796 मध्ये तो इंग्लंडात कालव्यांवर पुस्तक छापत होता, मॅनहॅटनच्या तळ्यात बसणार कसा? फुल्टन बघायचाच असेल तर ट्रिनिटी चर्चच्या आवारात जा, तिथे लिव्हिंग्स्टन घराण्याच्या तळघरात तो पुरलेला आहे आणि इंजिनिअरांच्या संघटनेनं उभारलेलं स्मारकही आहे.

कलेक्ट पाँडला कामाच्या दिवशी दुपारी जाऊ नका. वकील डबे घेऊन बसलेले असतात, बाक मिळत नाही. शनिवारी सकाळी जा. बाग बघायला पंधरा मिनिटं पुरतात, आणि मागच्या बाजूला दोन गल्ल्या ओलांडल्या की चायनाटाउन लागतं, पोटाची सोय तिथे करा.